नीलक्का आणि मिनरलची पिशवी

नीलक्का माणसाचा कान धरायची. रागावून नव्हे. सकाळी दूध घ्यायला गेलं की ती चरवी खाली ठेवायची, ओला हात पदराला पुसायची आणि समोरच्या बाईच्या कानाच्या पाळीला दोन बोटं लावायची. म्हशीचा कान गार लागला की जनावर आजारी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तोच नियम तिने माणसांना लावला होता. माझा कान धरून ती म्हणायची, "गार हाय. काल जेवली न्हाईस तू." निम्म्या वेळेला ते खरं निघायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून जे मनातून जात नाही ते मी कधी कधी लिहून काढते. हे कुणाला दाखवायचं नाही.

सोलापुरात आमची खोली गवळ्यांच्या बोळात आहे. माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातो आणि मी घरी मशीनवर टॉवेलचे काठ शिवते. मशीन दारात, उजेडाला ठेवलेलं. समोरच नीलक्काचा गोठा होता. तिथे म्हशी, मागच्या दोन खोल्यांत ती, तिचा मुलगा बसू आणि सून रेखा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मग गोठ्यात शिरायची आणि म्हशींशी कानडीत बोलायला लागायची. आमच्याशी मराठी, म्हशींशी कानडी. रेखाच्या वाट्याला दोन्ही यायचं. रेखा सासूला अत्ते म्हणायची. ती हसून सांगायची, "अत्ते मराठीत बोलल्या की मी निर्धास्त. कानडी सुरू झालं की समजायचं, आज आपण म्हैस."

दूध घालताना ती मापाकडे बघायची नाही, घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. माप भरलं की वर थोडी धार सोडायची. कुणी नको म्हटलं तर चिडायची. "तुला न्हाई, तुज्या पोराला घातलंय," म्हणायची. ज्यांना मूल नाही त्यांनाही हेच म्हणायची आणि मग जीभ चावायची.

मला ती आवडायची, कारण मी बोलत नाही याचा तिला राग नव्हता. उलट तेच तिला बरं वाटायचं. माझ्या मशीनजवळ पायरीवर बसून ती बोलत राहायची आणि उठताना म्हणायची, "तुला सांगितलं म्हंजे हिरीत टाकलं." मला त्या बोलण्याची तेव्हाही भीती वाटायची.

तिच्यावर जे आलं ते समजायचं तर आधी चिन्नीची गोष्ट सांगायला हवी. चिन्नी तिची सगळ्यांत लाडकी म्हैस. ती व्यायली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान वळवून पोटाशी घेतलेली. डोळे उघडे, पण त्यात बघणं नव्हतं. बोळातले पुरुष गोळा झाले. एक जण म्हणाला, आता हिचं काही खरं नाही. दुसऱ्याने तर गाडी कुठून बोलवायची तेही सांगून टाकलं. नीलक्का चिन्नीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे कान चोळत होती. मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कॅल्शियमची बाटली वर धरायला बसूला सांगितली आणि मानेच्या शिरेत सुई घातली. बाटली हळूहळू उतरत होती. नीलक्का कानडीत सारखं म्हणत होती, "एळव्वा, एळु." ऊठ गं बाई, ऊठ. बाटली संपत आली तसे चिन्नीचे कान थरथरले. मग तिने शेण टाकलं. मग पुढचे गुडघे टेकून, एक धक्का देऊन ती उभी राहिली आणि जणू काही झालंच नाही अशी रेडकाकडे बघायला लागली.

नीलक्का रडत होती आणि हसत होती. मला म्हणाली, "बघितलंस? काय झालं न्हवतं तिला. फकस्त कमी पडलं हुतं."

तेव्हापासून ते तिचं बोलणंच झालं. कुणाचं पोर चिडचिडं असलं, कुणाचा नवरा घरात बोलत नसला, तरी ती म्हणायची, काही तरी कमी पडलं असेल. डॉक्टरांनी तेव्हा म्हशींसाठी मिनरलची पिशवी दिली होती. राखाडी भुकटी, पेंडीत मिसळून घालायची. ती पिशवी गोठ्यात खुंटीला टांगलेली असायची आणि नीलक्का देवघरातल्या वस्तूला लावावा तसा तिला हात लावायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी दूध आणायला गेले. नीलक्का चिन्नीखाली बसून पिळत होती. चरवी भरली होती. दूध काठावरून खाली शेणात चाललं होतं आणि ती पिळतच होती. मी "अक्का" म्हटलं. तिने मान वळवली. तिच्या कपाळाला विभूती नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत पिळायला लागली. मी पुढे होऊन चरवी सरकवली. तरी तिचे हात चालूच होते. मला एकदम चिन्नीचे ते उघडे डोळे आठवले.

मग रोजच तसं व्हायला लागलं. गोठ्यातून कानडी ऐकू येईना. मी मशीनवर बसल्या बसल्या कान तिकडेच लावायची. आवाज आला नाही की माझा पाय पॅडलवर थांबायचा आणि शिलाई वाकडी जायची. एकदा ती पायरीवर येऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "जनावर आजारी पडलं की आदी रवंथ बंद करतंय. माजं तसं झालंय गं. खातीय, पितीय, पर आत काय फिरत न्हाई."

बोळातल्या बायका म्हणाल्या, नजर लागली. बसूने एका महाराजांकडून दोरा आणून बांधला. रेखा मात्र बारावी झालेली. तिने हट्ट धरला की मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं. बसूला लाज वाटत होती. लोक काय म्हणतील, आईला वेड लागलं म्हणतील, असं तो म्हणत राहिला. शेवटी रेखा आणि मी तिला रिक्षातून घेऊन गेलो. मी कशाला, असं रेखाच्या मनात होतं. पण नीलक्काच म्हणाली, मंगल येऊ दे, ती बोलत न्हाई.

डॉक्टर बाई होत्या, वयाने लहान. झोप कशी लागते, भूक कशी आहे, असं विचारता विचारता त्यांनी तेवढ्याच साध्या आवाजात विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं कुणी तोंडावर विचारतं हे मला माहीत नव्हतं. नीलक्का म्हणाली, न्हाई, तसलं काय न्हाई. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक मनाच्या आजाराची. दुसरी लोह, मॅग्नेशियम, झिंक असल्या खनिजांची, कारण रक्तात ते कमी होतं. त्यांनी नीट समजावून सांगितलं की दुसरी गोळी पहिलीला हात देईल, पण पहिलीचं काम करणार नाही. पहिली कितीही बरं वाटलं तरी मध्येच सोडायची नाही.

नीलक्काने त्यातलं एकच ऐकलं. बाहेर आल्यावर तिने माझा हात दाबला. कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यात बघणं आलं होतं. म्हणाली, "ऐकलंस की? मी येडी न्हाई. फकस्त कमी पडलंय."

ती खनिजाची गोळी तिने बोळात सगळ्यांना दाखवली. दूध घ्यायला आलेल्या बायकांना पाकीट दाखवून सांगायची, रक्तात मिनरल कमी हाय माज्या. दुसऱ्या गोळीचं नाव काढायची नाही. ते पाकीट तिने पेंडीच्या डब्यामागे ठेवलं होतं.

आणि तिला बरं वाटायला लागलं, हे खरं आहे. आधी विभूती परत आली. मग एका पहाटे गोठ्यातून "बा इल्ली, चिन्नी, बा" असं ऐकू आलं. ये इकडे, ये. मी चूल सोडून दारात आले आणि तशीच उभी राहिले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नीलक्का बोलतेय.

पावसाळ्याच्या सुमाराला ती एकदा पायरीवर आली आणि हळू आवाजात म्हणाली की मनाची गोळी तिने सोडली. त्या गोळीने पहाटे जाग येत नाही, म्हशी ओरडतात, दूध उशिरा निघतं. आणि बरं तर मिनरलनेच वाटतंय. मी त्याच दिवशी रेखाला सांगितलं. रेखा बोलली, बसूनेही विचारलं. नीलक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी बरी हाय का न्हाई, तेवढं सांगा," म्हणाली. ती बरीच दिसत होती. बसू तर मनातून खूशच झाला. वेड्याची गोळी सुटली, असं त्याला वाटलं असणार. रेखा डॉक्टरांकडे चला म्हणत राहिली आणि नीलक्का उद्या जाऊ म्हणत राहिली.

मला मात्र भीती बसली. चांगल्या दिवसांत माणसाला भीती वाटू नये, पण मला वाटायची. ती जरा जास्तच बोलायला लागली होती. कामही जास्त करत होती. दिवाळीआधी तिने शेंगाची चटणी कुटली. तिची चटणी बोळात सगळ्यांना ठाऊक. कडक भाकरी आणि दही घेऊन मीही तिच्याकडे कितीदा खाल्ली होती. या वेळी तिने वाटीभर चटणी मला आणून दिली आणि म्हणाली, "रोज खा. लई भित्री हायस तू, तुजंपण कमी पडलंय." चटणीचा रंग लाल नव्हता, राखेसारखा मळकट होता. मी विचारलं, अक्का, ह्यात काय घातलंय? तिने मान वळवून गोठ्यातल्या खुंटीकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली.

खुंटीला म्हशींच्या मिनरलची पिशवी होती.

ती मला समजावून सांगायला लागली. डॉक्टरबाईंची गोळी केवढीशी, तिने काय होणार? चिन्नीला केवढी बाटली लागली होती. आणि माणसाच्या गोळीत जे असतं तेच पिशवीवर लिहिलंय, रेखाने वाचून दाखवलं होतं तिला, गंमत म्हणून. तेव्हापासून ती रोज ती भुकटी भाकरीबरोबर खात होती. तिला कुठे काही झालं होतं? उलट बळ आलं होतं. हे सगळं ती अगदी विश्वासाने सांगत होती. तिने ज्या डोळ्यांनी मेलेली म्हैस उठताना बघितली होती, त्या डोळ्यांना मी काय सांगणार?

ती वाटी मी पदराखाली धरून रेखाकडे गेले. रेखाने चटणी हुंगली, बोटाला लावून बघितली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. पिशवी लवकर संपते आहे हे तिने बघितलं होतं, पण म्हशी जास्त खातात असं तिला वाटलं होतं. मग अंगणात जे भांडण झालं ते सगळ्या बोळाने ऐकलं. रेखा पिशवी घेऊन रडत उभी आणि नीलक्का कानडीत ओरडतेय. बसूने पिशवी काढून जनावरांच्या दवाखान्याजवळच्या मित्राकडे ठेवली. रोज लागेल तेवढी भुकटी तो स्वतः आणून पेंडीत घालायला लागला.

नीलक्काला उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा यायला लागल्या. त्यावर औषध झालं, पोट थोडंफार थांबलं. पण थांबलं नाही ते दुसरंच. दूध घ्यायला आलेली एक बाई हसत म्हणाली, "काय अक्का, म्हशीचं खाताय म्हणं. मग दूध कवा देणार?" बायका हसल्या. नीलक्काही हसली. हसता हसता तिने त्या बाईला दूध घातलं आणि माप भरल्यावर तिचा हात थांबला. वरची धार पडली नाही. मला बोलणं जमत नाही, पण बघणं जमतं. त्या दिवसापासून तिने वरची धार कुणालाच घातली नाही.

मग विभूती गेली. कानडी गेली. या वेळी ती चरवी घेऊन बसून राहत नव्हती, सगळी कामं नीट करत होती. रेखाला त्याचा धीर वाटत होता. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. तिला काही विचारलं की "व्हय" एवढंच म्हणायची. डॉक्टरांकडे जाऊया म्हटलं तरी "व्हय" म्हणायची आणि जायच्या दिवशी कुठे तरी नातेवाइकांकडे निघून जायची.

उन्हाळा लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. दारं लावलेली, आत कूलर चालू. मी टॉवेलचा गठ्ठा संपवत दारात बसले होते. नीलक्काने गोठ्यातून हाताने बोलावलं. मी गेले. ती म्हणाली, चल, तुला म्हशी दाखवते. जणू मी म्हशी बघितल्याच नव्हत्या. एकेका म्हशीपाशी उभी राहून ती सांगायला लागली. ही डाव्या बाजूने कुणी आलं तर लाथ मारते. हिला पिळायच्या आधी पाठ खाजवावी लागते. ही पाणी पिताना कुणी बघितलं तर पीत नाही. चिन्नीला रेखाचा हात आवडत नाही, पण हाताला आधी पेंड लावली तर ती चाटते आणि गप राहते. "रेखाला सांग हां," ती म्हणाली. "तिला मी सांगाय गेले की ती रडती. तू सांग."

मी विचारलं, तुमी कुठं चाललाय का?

ती म्हणाली, "कुटं न्हाई."

तिने माझ्या कानाला हात लावला नाही. मीच तिचा हात धरला. तळहात ओला आणि थंड होता. एवढ्या उन्हात. मला डॉक्टरबाईंचा तो साधा आवाज आठवला. तसा आवाज मला काढता येईना, तरी मी विचारलं.

"अक्का, जीव द्यायचं मनात हाय का?"

चिन्नीची शेपूट हलली. माश्या उठल्या आणि परत बसल्या. नीलक्का माझ्याकडे बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "लई थकले गं मी. सोड हात."

मी हात सोडला नाही. रेखा आतल्या खोलीत झोपली होती आणि कूलर एवढा घुमत होता की बाहेरचं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. आत जाऊन तिला उठवायचं तर नीलक्काला एकटी सोडायला हवं. फोन माझ्या मशीनवर राहिला होता. बोळात कुणीही नव्हतं. मी नीलक्काला ओढून बघितलं, पण ती गव्हाणीला धरून उभी होती, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीची. तेव्हा मी ओरडले. रेखाच्या नावाने ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. माझा आवाज असा असतो हे मलाच माहीत नव्हतं. म्हशी बिचकून दावी ओढायला लागल्या. आधी शेजारच्या घरातली म्हातारी बाहेर आली आणि डोळ्यांवर हात धरून विचारायला लागली की कोण बोंबलतंय. मग रेखा, केस मोकळे, अनवाणी. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता सासूला पाठीमागून मिठी मारली. नीलक्का तशीच उभी राहिली आणि मग तिच्या अंगातला जोर एकदम निघून गेला. आम्ही तिघी खाली शेणातच बसलो.

बसू आला, रिक्षा आणली. नीलक्काने माझा हात सोडला नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी मलाही आत येऊ दिलं. बसूने म्हशींच्या पिशवीबद्दल खाली मान घालून सांगितलं. त्याला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. जनावराचं वजन केवढं आणि माणसाचं केवढं, त्या भुकटीत तांब्यासारखे धातू किती असतात, त्यांनी मूत्रपिंडाला काय होऊ शकतं, हे त्यांनी सांगितलं आणि लगेच तपासण्या लिहून दिल्या. मग खुर्ची सरकवून नीलक्काच्या समोर बसल्या. म्हणाल्या, तुम्हाला खनिज कमी होतं हे खरंच होतं. ते तुम्ही चुकीचं ऐकलं नाही. पण तेवढंच कमी नव्हतं.

नीलक्काने मान वर केली. "म्हशीला तुमी लोक बाटलीभर औषधात उटवता. मला का न्हाई?"

"याचं पूर्ण उत्तर मलाही माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढं माहीत आहे की याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुम्हाला एकटं सोडायचं नाही."

त्यांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. काही दिवस मी दुपारी डबा घेऊन जायची. ती भिंतीकडे तोंड करून असायची. मी बोलत नव्हते, तीही बोलत नव्हती. पण आधीचं गप्प बसणं आणि हे गप्प बसणं वेगळं होतं. आता मी तिच्या श्वासाकडे लक्ष देऊन बसायची. पांघरूण वर-खाली होतंय ना, ते बघायची.

घरी आल्यावर रेखा रोज गोळी हातावर देऊन समोर उभी राहायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. एकदा मी समोर असताना नीलक्का तिला म्हणाली, "जीभ वड की. दात मोज. म्हैस इकत घ्यायला आलीयस न्हवं?" रेखा हसली नाही. पण बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, मंगलताई, त्या टोमणा मारतायत, म्हणजे बरं वाटतंय का हो त्यांना? मला काय ठाऊक. मी म्हटलं, असेल.

खनिजाची गोळीही चालू राहिली, माणसाची, एवढीशी. नीलक्का ती घेताना गोळीकडे जरा वेळ बघायची. कशी ते सांगता येत नाही. ज्याने खूप आशा दाखवली आणि फसवलं अशा नातेवाइकाकडे बघावं तशी.

पुढे बसूने म्हशी वळसंगला नेल्या आणि घरचे सगळेही तिकडेच राहायला गेले. तिथे नीलक्काच्या भावाची जमीन आहे, चारा आहे, मोकळी जागा आहे. शहरात म्हशी ठेवणं अवघड होत चाललं होतं. शिवाय बोळातल्या हसण्यापासून आईला लांब न्यावं, असंही त्याच्या मनात असावं. गोठ्याच्या जागी आता कुणी तरी सामान ठेवतं. सकाळी उठले की माझे कान अजून तिकडे जातात आणि मग मला उगाच धास्ती वाटते, कारण तिथून काहीच ऐकू येत नाही.

रेखाचा अधूनमधून फोन येतो. कधी म्हणते, अत्ते बऱ्या आहेत. कधी म्हणते, सध्या जरा पडलेल्या आहेत, डॉक्टरांनी गोळी बदलली. तिचं नाव फोनवर दिसलं की मी लगेच उचलत नाही. ती काय सांगेल हे आधी माझ्या मनात येऊन जातं.

गेल्या संक्रांतीनंतर मी वळसंगला जाऊन आले. नीलक्का बाजेवर बसली होती. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, हात किंचित कापत होते. मला बघून "आलीस," म्हणाली आणि सरकून जागा केली. आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. रेखाने हळूच सांगितलं की आठवडा झाला, असंच चाललंय. जेवतात, गोळी घेतात, पण बोलत नाहीत. या रविवारी दवाखान्यात न्यायचं आहे. त्यांचा भाऊ घरात असतो, मीही असते, त्यांना एकटं सोडत नाही, असं रेखा सांगत होती आणि सांगताना सारखी बाजेकडे बघत होती.

ऊन उतरायच्या आत मी निघाले. रेखा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि नीलक्काही चप्पल घालून आमच्यामागे आली. आम्हाला कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. सोलापूरची जीप उभी होती, मागे माणसं कोंबलेली. ड्रायव्हर मला मागेच चढवायला लागला. तेव्हा नीलक्का पुढे झाली. "ए, हिला फुडं बसीव," ती त्याला म्हणाली. "ही बाई तोंडानं काय बोलणार न्हाई, म्हणून तिला मागं कोंबतूस व्हय?" ड्रायव्हर हसला, आजी तुमचंच राज्य म्हणाला, आणि पुढच्या माणसाला उठवून मला तिथे बसवलं. मला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. मी मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसले.

जीप सुरू झाली. मी बाहेर डोकं काढून मागे बघितलं. रेखा घराकडे वळून चालायला लागली होती, काही तरी बोलत, मागून अत्ते येताहेत असं समजून. नीलक्का तिच्यामागे थोडी चालली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. कुणी हाक मारली नव्हती, पायात काही रुतलं नव्हतं. नुसती थांबली, हात दोन्ही बाजूंना सोडून, उन्हात. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. रेखा पुढे पुढे चालली होती. वळ आता मागे, वळ गं, असं मी मनात म्हणत होते. ड्रायव्हरला थांब म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात रेखा थांबली. ती मागे वळते आहे असं मला वाटलं. मग जीप बाभळीच्या वळणावर वळली आणि दोघीही दिसेनाशा झाल्या.